अंगठा सरकला

मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४, अकोला

आज आयुष्यात पहिल्यांदा खेळलेलं पान मी परत घेतलं. मला ते आवडलं नाही, म्हणून नोंद करून ठेवतो.

धम्मदीप आणि मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता मोबाईलवर ब्रिज खेळतो. तो निवृत्त पोस्टमास्तर आहे. तो जुन्या शहरात आपल्या घरी बसतो, मी गोरक्षण रोडला माझ्या घरी, आणि दोघं मिळून अमरावतीच्या जोडीशी खेळतो. त्यांच्याकडून नीलमताई असतात, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि मोर्शीचे पुंजारामजी. दोघांनाही मी अजून पाहिलेलं नाही. पडद्यावर फक्त नावं दिसतात. हा अकोला-अमरावती सामना दीड महिना चालणार आणि २२ डिसेंबरला अमरावतीत समोरासमोर बसून, खऱ्या पत्त्यांनी संपणार.

आज मला बदामाची सत्ती टाकायची होती, अंगठा एक्क्यावर पडला. मोबाईलवर पान परत घेण्यासाठी ‘अन्डू’ नावाचं बटण आहे, पण समोरच्या दोघांनी हो म्हटलं तरच ते चालतं. मी ते कधी दाबलं नव्हतं. टेबलावर पडलेलं पान पडलं, अशा काळात आम्ही शिकलो. धम्मदीप फोनवर म्हणाला, “सर, दाबा ना, त्यात काय आहे.” मी दाबलं. नीलमताईंनी अर्धं मिनिट लावलं. पुंजारामजींनी लगेच हो म्हटलं आणि खाली लिहिलं, “होतते असं.”

त्यांच्या टायपिंगमध्ये अक्षरं दुप्पट येतात. माणूस पाटबंधारे खात्यात होता म्हणतात, मोबाईलची सवय नसेल.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली.

डाव माझ्यावर होता, तो पुरा करायचं काम माझं होतं, आणि किलवरची राणी कोणाकडे आहे एवढंच कळायचं बाकी होतं. राणी उजवीकडे असेल तर एका बाजूने खेळायचं, डावीकडे असेल तर दुसऱ्या. बरोबर ओळखलं तर राणी सापडते, चुकलं तर तीच आपल्याला मारते. ब्रिजमध्ये माणसाची अक्कल अशाच ठिकाणी दिसते.

मला दश्शी टाकायची होती, अंगठ्याने गुलाम टाकला. मी अन्डूकडे बोट नेतो तोवर डावीकडून नीलमताईंची राणी पडली. पान परत मिळालं. पण आता राणी कुठे आहे ते मला माहीत होतं.

मी मुद्दाम पाहिलं नाही. दिसलं. पान परत देता येतं, डोळे कसे परत देणार? मी थोडा वेळ विचार केला की जणू पाहिलंच नाही असं समजून खेळावं. पण माहीत असून चुकीचं खेळणं हाही एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच झाला असता. म्हणून बरोबर खेळलो. डाव झाला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज दोनदा. दोन्ही वेळा राणी सापडली.

नीलमताईंनी लिहिलं, “सर, आज फारच अन्डू?” काहीतरी उत्तर देणं भाग होतं. मी लिहिलं, “हाताला जरा कंप येतो आहे.” हे अगदीच खोटं नाही. लिहिताना हात थोडा थरथरला होता.

शनिवार, १६ नोव्हेंबर

धम्मदीपने हाताची गोष्ट आमच्या ब्रिजच्या ग्रुपवर टाकली आहे. माझ्या काळजीपोटीच. सकाळपासून पाच जणांनी औषधं सुचवली. त्यांपैकी तीन औषधं एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

मग धम्मदीपच्या बायकोने, दीक्षाने, माझ्या बायकोला, शालूला, फोन केला. शालू स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि मला म्हणाली, “हात समोर करा.” मी केला. तिने वर्तमानपत्राचा एक कागद माझ्या बोटांवर ठेवला आणि चष्मा लावून पाहत राहिली. कागद हलला नाही.

“बाहेरून दिसत नसन,” ती म्हणाली. “आतून असन.”

मग तिने खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. छत्तीस वर्षं संसार झाला, पण ही बाई माझी इतकी काळजी करते हे मला आज कळलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

चहा आता स्टीलच्या उंच गिलासात अर्धाच मिळतो. सांडू नये म्हणून. गुंड्यांचे शर्ट कपाटात वर गेले, झब्बे खाली आले. भरीत वाढताना शालूने मिरचीही कमी केली. मिरचीचा आणि हाताचा काय संबंध, विचारलं. “आतून असते ना थे,” ती म्हणाली.

बाजारहाट कोण करणार म्हणून ती आता स्कूटर शिकते आहे. शेजारची प्रतीक्षा मागे बसून शिकवते. एकसष्टाव्या वर्षी, माझ्यापायी. मागे तिने तीन-चारदा गाडी शिकवा म्हटलं होतं, तेव्हा मीच रहदारीचं कारण सांगून नको म्हटलं होतं. आज ती कॉलनीला दोन चकरा मारून आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. ताणाने असावा.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

नीलमताईंनी आज सरळ लिहिलं: “सर, तुमचा अंगठा राणी दिसल्यावरच सरकतो का?”

मला राग आला. पान परत घ्यायची परवानगी दोन मिनिटं आली नाही. मग पुंजारामजींनी हळूहळू, एकेक शब्द पाठवला. “नीलमताई. ज्याचं. त्याले. माहीत असते. द्या.” आणि त्यांनी दिली.

पुंजारामजी स्वतः कधीच पान परत मागत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी हुकमाचा राजा भलत्याच वेळी टाकला, नवशिका टाकणार नाही असा. तरी मागितला नाही. एकेक पान टाकायला ते फार वेळ लावतात. विचारी खेळाडू आहेत, पण कधी कधी विचार करून करूनही चुकतात.

सोमवार, २५ नोव्हेंबर

शालूने मला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कूटरवर, मागे बसवून. मी डोळे मिटून होतो.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी मला नाकाला बोट लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालवलं, कागदावर गोगलगायीसारखी गोल गोल रेघ काढायला लावली. मला ती थोडी वाकडी काढावी असं क्षणभर वाटलं. पण पस्तीस वर्षं कृषी महाविद्यालयात विद्यार्थ्यांना मातीचे नकाशे काढायला शिकवलेला हात, तो वाकडा जाईना.

“सगळं उत्तम आहे काका,” डॉक्टर म्हणाले. “कंप नेमका कधी येतो?”

शालू म्हणाली, “मंगळवारी आन शुक्रवारी. चार वाजल्यानंतर.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “इतर वारी?”

“इतर वारी नाही येत,” शालू म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून खोकायला लागली. खांदे हलेपर्यंत खोकली. तिला थंडी सोसत नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज एकदा. आम्ही सामन्यात बरेच पुढे आहोत.

नोकरीत असताना मी अकरा वर्षं परीक्षेच्या भरारी पथकाचा प्रमुख होतो. एका परीक्षार्थ्याच्या मोज्यात चिठ्ठी सापडली होती. तो म्हणाला, “सर, चिठ्ठी होती, पण मी पाहिली नाही.” मी म्हणालो, पाहायची नव्हती तर आणली कशाला? आणि त्याचा पेपर रद्द केला. ते आज का आठवलं कोण जाणे.

दोन गोष्टींत फरक आहे. काय फरक आहे ते उद्या नीट लिहीन.

शनिवार, ३० नोव्हेंबर

फरक अजून सापडला नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

खेळ नाही. धम्मदीप आणि दीक्षा दादरला चैत्यभूमीवर गेले आहेत. चार वाजता मी मोबाईल हातात घेऊन उगीच बसलो. शालू म्हणाली, “आज शुक्रवार असून बरा आहे हात.”

मंगळवार, १० डिसेंबर

पुंजारामजींनी मला वेगळा आवाजी निरोप पाठवला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. सावकाश, थोडा पुसट. “किसनराव, सकाळी गरम पाण्यात हात धरत जा. आन घाबरू नका. माणूस पयले हाताले घाबरते, मंग हात माणसाले घाबरवते. अमरावतीले भेटू, तुमच्यासाठी एक वस्तू करून राहिलो.”

किती चांगला माणूस. मी तीनदा ऐकला. मग खेळलो. आज एकदाही पान परत घेतलं नाही. हरलो.

मंगळवार, १७ डिसेंबर

आज दोनदा. रविवारी शेवट आहे आणि थोडी आघाडी हाती असलेली बरी.

सोमवार, २३ डिसेंबर

काल जे झालं ते क्रमाने लिहितो.

धम्मदीप, शालू आणि मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो आणि ऑटोने सभागृहात गेलो. नीलमताई दारातच उभ्या होत्या. उंच, चष्मा, हातात यादी. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि नजर माझ्या अंगठ्यावर ठेवली. “या सर,” एवढंच म्हणाल्या.

टेबलाशी एक बारीकसा माणूस पाठमोरा बसला होता. मी जवळ गेलो, तो उठला, आणि माझा हात धरायला त्याने आपला हात पुढे केला. तो हात माझ्यापर्यंत येताना वाटेत तीन-चारदा हलला. हातात आला तेव्हाही हलत होता. बोटं एकमेकांवर घासत होती, जणू तो सारखा पत्ते वाटत होता.

“मी पुंजाराम,” ते म्हणाले. “मले सहा वर्षं झाली. पयले डावा, मंग हा. तुमाले कोणत्या हाताले आहे?”

मी म्हणालो, “उजव्या.”

हे मी लिहून ठेवतो आहे. त्यांचा हात हातात असताना मी पुन्हा खोटं बोललो.

त्यांनी पिशवीतून दोन लाकडी फळ्या काढल्या. संत्र्याच्या पेटीच्या फळ्या, घासून गुळगुळीत केलेल्या, मधोमध एक खाच. त्या खाचेत पत्ते उभे करायचे, म्हणजे हातात धरावे लागत नाहीत. “एक माझी आहे. एक तुमची. खाच मीच पाडली, म्हणून वाकडी आहे.” वाकडी नव्हती. ती पाडायला त्यांना किती दिवस लागले असतील, याचा विचार मी तिथे केला नाही. आता करतो आहे.

खेळ सुरू झाला. मी त्या फळीत पत्ते लावले. समोर धम्मदीप, डावीकडे नीलमताई, उजवीकडे पुंजारामजी. शालू माझ्या मागे खुर्चीवर. पुंजारामजी एक पान काढायचं म्हणजे आधी हात फळीवर टेकवत, तो शांत व्हायची वाट पाहत, मग दोन बोटांनी पान ओढत. मोबाईलवर ते लावत असलेला वेळ विचाराचा नव्हता.

सातव्या डावात मी खेळत होतो. पुंजारामजींनी चौकटची तिर्री ओढली आणि तिच्यासोबत शेजारचा राजा निघून टेबलावर उताणा पडला. नियमाने उघडं पडलेलं पान उघडंच राहतं. आणि त्या राजावर त्यांचा सगळा डाव होता.

धम्मदीप माझ्याकडे पाहून म्हणाला, “सर, उचलू द्या ना त्याइले. चुकून पडलं.”

मी म्हणालो, “हो हो, घ्या ना पुंजारामजी.”

“नाही,” ते म्हणाले. “पडलं थे पडलं. मी एकदा उचलाले लागलो तर प्रत्येक वेळी उचला लागन. मंग कोण खेळन माझ्यासंगं?” आणि हसले. “तुमचं नवीन आहे, तुमाले चालते.”

तो डाव मी जिंकलो. त्या राजामुळे पहिल्या सत्रात अकोला आणखी पुढे गेलं.

जेवणाच्या वेळी ते हात धुवायला नळावर गेले. मी मागे गेलो. मला काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. त्यांनी नळ बंद केला, तो पुरता बंद होईना, मी बंद केला.

“पुंजारामजी,” मी म्हणालो, “माझ्या हाताला काही झालेलं नाही.”

त्यांनी नीट ऐकायला मान पुढे केली. “म्हणजे औषधानं बरं वाटलं?”

“नाही. कधी काही नव्हतंच.”

“कंप?”

“नाही.”

“डॉक्टरले दाखवलं का नीट?”

“दाखवलं. हात चांगला आहे.”

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. “चला, बरं झालं,” ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. माझ्यासाठी त्यांना बरं वाटलं. खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला हात पुसत ते दोन पावलं गेलेही. मग थांबले, वळले.

“मंग थ्या राण्या?”

“पाहून घेत होतो,” मी म्हणालो. “आधी पान टाकायचो, राणी दिसली की परत मागायचो.”

ते आत गेले, टेबलावरची माझ्या जागची फळी उचलली, दोन्ही फळ्या एकमेकांवर ठेवल्या आणि माझी पिशवीत टाकली. दुसऱ्या सत्रात मी पत्ते हातात धरून खेळलो. माझा हात कापत होता. खरोखर कापत होता, पण ते सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

पारितोषिक द्यायची वेळ आली तेव्हा मी उभा राहून म्हणालो की अकोल्याच्या जोडीने मोबाईलवर मिळवलेले गुण धरू नयेत, दोष माझ्या एकट्याचा आहे, धम्मदीपला काहीही माहीत नव्हतं. कारणही सांगितलं. नीलमताईंनी यादी खाली ठेवली, वही उघडली आणि आकडे पुन्हा मांडले. अमरावती जिंकली. “हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं सर,” त्या म्हणाल्या. “पुंजारामजी मला बोलू देत नव्हते.”

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं तेव्हा धम्मदीप म्हणाला, “मी अख्ख्या ग्रुपले तुमच्या हाताचं सांगतलं, सर. दीक्षानं दादरहून तुमच्यासाठी मालिशचं तेल आणलं.” पुढे अकोल्यापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता.

शालूला मी गाडीतच सगळं सांगितलं होतं. तिने “अरे बाप्पा” म्हटलं, पण तिला जेवढं आश्चर्य वाटायला हवं होतं तेवढं वाटलेलं दिसलं नाही. थकली असेल.

मंगळवार, २४ डिसेंबर

चार वाजता मी मोबाईलवरचं टेबल उघडून बसलो. कोणीच आलं नाही. पाच वाजता बंद केलं.

बुधवार, २५ डिसेंबर

मी शालूला म्हणालो, आता किल्ली दे, हात बरा आहे. ती म्हणाली, “हात बरा आहे, मन काय म्हणते थे पाहू काही दिवस.” आणि गाडीवर बसून प्रतीक्षासोबत संक्रांतीच्या वाणाची खरेदी करायला गेली. संक्रांतीला अजून वीस दिवस आहेत.

शुक्रवार, २७ डिसेंबर

धम्मदीप घरी आला. तेलाची बाटली टेबलावर ठेवली. “आणलं आहे तर लावा,” म्हणाला. चहा घेतला. मी माफी मागितली. तो म्हणाला, “माफी मले काहून मागता? मोर्शीले मागा.” मी म्हणालो, दोन निरोप पाठवले, उत्तर नाही. “मंग थांबा,” तो म्हणाला. “त्याइले लिहाले येळ लागते.”

चार वाजता आम्ही दोघांनी टेबल उघडलं, एकाच खोलीत बसून. समोरच्या दोन जागा रिकाम्या.

मंगळवार, ३१ डिसेंबर

चार वाजून दहा मिनिटांनी नीलमताई आल्या. काही लिहिलं नाही. मग पुंजारामजींचं नाव दिसलं. मी लिहिलं, “नमस्कार.” नीलमताईंनी लिहिलं, “पत्ते वाटा.”

पहिले तीन डाव कोणी एक अक्षर लिहिलं नाही. चौथा डाव पुंजारामजींवर होता. पत्ते असे होते की सगळा डाव इस्पिकच्या राणीवर अडला होता. ती माझ्याकडे होती. त्यांनी फार वेळ घेतला. मग गुलाम टाकला, धम्मदीपने छोटं पान टाकलं, आणि माझी राणी त्यांच्या गुलामावर पडली. डाव त्यांच्या हातातून गेला.

मग पडद्यावर खिडकी उघडली. पुंजारामजी पान परत मागत आहेत. परवानगी द्यायची का? खाली हो आणि नाही.

धम्मदीपचा लगेच फोन आला. “सर, हे काय होय? यानं तर जनमात कधी मागतलं नाही.”

“चुकून पडलं असेल,” मी म्हणालो. “त्यांचा हात तुला माहीत आहे.”

“पडलं असन. आन नसन तर?”

मी हो दाबलं. धम्मदीपनेही थोड्या वेळाने दाबलं. गुलाम परत गेला, माझी राणी परत माझ्या हातात आली. पुंजारामजींनी खाली लिहिलं, “उपककार झाले.” पुन्हा तेवढाच वेळ घेतला. मग दुसऱ्या बाजूने खेळले आणि माझी राणी अलगद धरली. डाव झाला.

धम्मदीप फोनवरच होता. म्हणाला, “विचारा ना त्याइले, खरंच चुकलं होतं का म्हणून.”

मी लिहायला घेतलं. “पुंजारामजी, मघाचं पान” इथपर्यंत लिहिलं आणि पुढचे शब्द सापडेनात. सगळ्या जगात हा प्रश्न त्यांना कोणीही विचारू शकतं, एक मी सोडून. मी लिहिलेलं पुसलं.

खाली नीलमताईंनी लिहिलं, “सर, काही म्हणत होतात?”

मी लिहिलं, “नाही. छान खेळले.”

पुंजारामजींचं उत्तर यायला दीड मिनिट लागलं. “तुमच्याच कडून शिककलो.”

शालू मागे कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिने माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि तिला पुन्हा खोकला आला. या वेळी मी तिला पाणी आणून द्यायला उठलो नाही, कारण मलाही हसू येत होतं.